शेजारच्या झाडाच्या मुळांनी भिंत तडकली? अर्ज कुठे द्यायचा, कागद कोणते लागतात

कंपाउंडच्या भिंतीला तिरकी चीर गेलेली, ड्रेनेज तुंबलेलं, चेंबरचं झाकण उचललं तर आत मुळांचा झुपका. आणि झाड शेजाऱ्याचं. अशा वेळी परवानगीशिवाय मुळांवर कुऱ्हाड चालवू नका. महाराष्ट्रातल्या शहरी भागाला 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा झाड तोडण्यातच मोडतं. घाई केली तर नुकसान झालेलाच गुन्हेगार ठरतो. शिवाय बुंध्यालगतचं जाड मूळ तोडलं, तर वादळी पावसात तेच झाड घरावर यायची भीती असते.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. महापालिकेत तो बहुधा उद्यान विभागात स्वीकारतात, नगरपरिषद असेल तर तिच्या कार्यालयात. झाड शेजाऱ्याचं असल्याने त्याची लेखी संमती जोडली की काम सोपं होतं. तो देत नसेल तर नुकसानीची तक्रार म्हणून अर्ज द्या आणि जागेची पाहणी मागा. सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव लागतो.

सोबत मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, ओळखपत्र, जागेचा साधा नकाशा आणि झाडाची माहिती द्या: जात, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर, भिंतीपासूनचं अंतर. बुंधा नेमका कोणाच्या हद्दीत यावरच वाद असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा, घ्या. शुल्क आणि अनामत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, खिडकीवरच विचारा.

खरी मेहनत पुराव्यावर घ्या. नुसते चिरेचे फोटो पुरत नाहीत, कारण भिंत खचण्याची कारणं अनेक असतात. पायालगत छोटा खड्डा घेऊन, मूळ न दुखावता, ते पायात कुठे शिरलंय त्याचा टेप लावून फोटो काढा. चिरेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाका. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकतेय हे दिसतं. यावर सिव्हिल इंजिनिअरचा सहीशिक्क्याचा अहवाल आणि दुरुस्तीचा अंदाजखर्च घ्या. शेजाऱ्याला पाठवलेल्या नोटिशीची पोचपावतीही जपून ठेवा.

अर्जानंतर पाहणी होते. झाड तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात. वय 50 वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर 2021 च्या दुरुस्तीनुसार ते वारसा वृक्ष ठरतं आणि नियम कडक होतात. म्हणून आधी ठरावीक मुळं छाटून मधे काँक्रीटचा अडथळा घालायची परवानगी मागावी, असं माझं ठाम मत आहे. झाडही वाचतं, भिंतही.

ग्रामपंचायत हद्दीत 1964 चा वृक्षतोड अधिनियम बघावा लागतो. आंबा, चिंच, जांभूळ त्याच्या यादीत आहेत. तिथे तहसील किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा.

झाड कलून पडायच्या बेतात असेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करता येतो. त्यात धोकादायक झाडाचा स्पष्ट उल्लेख आहे. भरपाई मात्र वृक्ष अधिकारी देत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय. पण त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज द्या, म्हणजे दावा न लावता लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न होतो. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, म्हणून कोणती मुळं, किती खोल अडथळा आणि खर्च कोणाचा किती, हे सही करण्याआधी त्यात लिहून घ्या.