आधी जेवण, मग समजूत

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात पोरगी जेवत नाही म्हटलं की दोनच निदानं होतात: नखरे किंवा दृष्ट. शिकलेल्या घरात तिसरं, ‘हे पुण्या-मुंबईच्या मुलींचं खूळ’. नवरात्रात कडक उपवास धरणाऱ्या मुलीचं तर कौतुकच होतं. दसरा उलटून गेला तरी ती नीट जेवत नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलगे यातून सुटलेत असंही नाही. फक्त त्यांच्या बाबतीत ‘जिम लावलीय’ एवढ्यावर घरचे गप्प बसतात.

वजन वाढेल या भीतीने जेवण तोडत जाणं हा आजार आहे, आणि त्याचं नाव अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७४ साली ते रूढ केलं आणि त्याच लेखात लिहून ठेवलं की अशा रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक बहुधा सर्वांत वाईट. आईवडिलांवर ठपका ठेवायची ही सवय वैद्यकात फार काळ टिकली. आज किशोरवयीन रुग्णांसाठी सर्वांत भक्कम पुरावा ज्या उपचाराच्या बाजूने आहे, त्यात आईवडीलच जेवणाची सूत्रं हातात घेतात. ही उलटापालट समजायला उपासमारीत शरीर काय करतं ते पाहावं लागतं, आणि मला यातला तोच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वखुशीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं, पण खरी गंमत वजनात नव्हती. ही धडधाकट माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एकेक जेवण तासन्‌तास चिवडत बसू लागली. चिडचिडी झाली, माणसांत मिसळेनाशी झाली. त्यांना खाण्याचा आजार नव्हता, हे सगळं निव्वळ उपासमारीने घडवलं होतं. पोटभर खायला मिळू लागल्यावरही मन जागेवर यायला कित्येक महिने गेले.

अ‍ॅनोरेक्सियात याच्या जोडीला वजन वाढण्याची जबरदस्त भीती असते, त्यामुळे चक्र घट्ट बसतं. कमी खाल्लं की जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणजे दोन घासांत ‘पोट भरलं’ म्हणणारी मुलगी खोटं बोलत नसते. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक घटतं. त्यावरून मेंदूतला हायपोथॅलॅमस ओळखतो की साठा संपत आलाय, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला जाणारे जीएनआरएच या संप्रेरकाचे ठोके मंदावतो. मग एलएच, एफएसएच आणि इस्ट्रोजेन ही पाळी चालवणारी संप्रेरकं खाली येतात, पाळी थांबते, हाडं भरायच्या वयातच विरळ होऊ लागतात. घरचे पाळीच्या गोळ्या आणतात. रक्तस्राव दिसतो, हाडांना मात्र त्याचा उपयोग होत नाही.

अशा उपाशी मेंदूला ‘तुला कळत नाही का?’ असं विचारून काय होणार? समजूत पटेल आणि मग ती जेवेल, ही वाट पाहण्यात महिने जातात. म्हणून क्रम उलटा लावायचा. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडलेल्या या पद्धतीत काय आणि किती वाढायचं ते आईवडील ठरवतात, शेजारी बसतात, ताट संपेपर्यंत उठत नाहीत. भांडण मुलीशी नसतं, आजाराशी असतं. वजन सावरलं की जेवणाचा ताबा हळूहळू तिच्याकडे परत जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १२१ किशोरवयीन रुग्ण होते. उपचार संपून वर्ष झाल्यावर या पद्धतीतले ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्या रुग्णाशी बोलून केलेल्या उपचारात २३ टक्के. उरलेले निम्मे लगेच बरे झाले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. हा काही अंगारा नव्हे.

घरातल्या टोमण्यांनी या उपचाराला खीळ बसते, हेही अभ्यासांतून दिसलंय. एकत्र कुटुंबात तर टोमणे मारायला माणसं भरपूर. आजी प्रेमानं म्हणते, “आता कशी भरलीस बाई!” आणि रात्रीचं ताट परत जातं. वजनाबद्दल बरंही बोलायचं नाही, वाईटही नाही, हे आजीपासून धाकट्या काकापर्यंत सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं.

पण फार खंगलेल्या मुलाला घरीच तूप-साखर भरवायला घेऊ नका. दीर्घ उपासानंतर एकदम पिष्टमय अन्न आलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं. रक्तातली त्याची पातळी कोसळली की हृदय आणि श्वासाचे स्नायू अडचणीत येतात. दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल किंवा चक्कर येऊन पडणं होत असेल, तर आधी रुग्णालय, ईसीजी आणि रक्ततपासणी. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.