बायोस मॉड करणं वेगळं आणि बायोसचं लपलेलं सेटिंग बदलणं वेगळं

लॅपटॉपचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) किंवा अंडरव्होल्ट (कमी तापावा म्हणून व्होल्टेज कमी करणं) करायचा म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतं "बायोस मॉड कर", आणि खूपदा त्याला म्हणायचं असतं की लपवलेलं एक सेटिंग बदल. ही दोन अगदी वेगळी कामं आहेत आणि दोन्हीतला धोकाही सारखा नाही, म्हणून चिपला लावायची क्लिप आणि प्रोग्रामर (चिपवर लिहिणारं छोटं यंत्र) मागवायच्या आधी हे वाचाच.

मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते, बायोस, म्हणजे मशीन चालू करताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, त्यात राहतो. बायोस मॉड म्हणजे त्या चिपमधला कोडच बदलायचा. आधी पूर्ण डंप (चिपमधल्या सगळ्याची प्रत) घ्यायचा, यूईएफआयटूल नावाच्या प्रोग्रामने उघडायचा, लपवलेले मेनू उघडे करायचे किंवा जुना मायक्रोकोड (प्रोसेसरचा आतला कोड) घालायचा आणि परत चिपवर लिहायचं. बहुतेक लॅपटॉप कंपनीची डिजिटल सही नसलेली फाइल विंडोजमधून फ्लॅशच करू देत नाहीत, मग मागचं झाकण काढून सीएच३४१ए सारखा प्रोग्रामर लावावा लागतो, आणि इथे एक गोष्ट नीट बघा, बऱ्याच नव्या लॅपटॉपमधली चिप १.८ व्होल्टची असते, तिला थेट ३.३ व्होल्ट दिले तर ती जळू शकते.

सेटिंग बदलण्यात कोडला हातच लागत नाही. मेनूत न दिसणारे पर्याय, जसं की ओव्हरक्लॉकिंग लॉक किंवा सीएफजी लॉक (प्रोसेसरच्या सेटिंगवरची कुलुपं), त्यांच्या किमती (व्हॅल्यू) त्याच चिपच्या एनव्हीरॅम नावाच्या भागात साठवलेल्या असतात. आयएफआर एक्स्ट्रॅक्टर या टूलने बायोसच्या फाइलमधून कुठला पर्याय कुठल्या ऑफसेटला (जागेच्या क्रमांकाला) आहे ते शोधायचं, सिक्युअर बूट (सही नसलेले प्रोग्राम सुरू होऊ न देणारं सेटिंग) बंद करायचं, पेन ड्राइव्हवरून आरयू नावाचं टूल किंवा ग्रब या बूटलोडरची मॉडिफाइड आवृत्ती चालवायची आणि तेवढा एक बाइट बदलायचा, बस. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नंतर मागितली जाण्याची शक्यता खूप असते.)

आता खरा फरक बूट गार्डमुळे पडतो, म्हणजे मशीन सुरू होताना बायोसचा कोड खरा आहे का ते तपासणाऱ्या सोयीमुळे. इंटेलने हे चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून आणलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सहीच्या कीचा हॅश (तिचा ठसा) चिपसेटमध्ये कायमचा जाळलेला असतो, आणि कंपनीने ते कडक ठेवलं असेल तर तपासल्या जाणाऱ्या भागात जरा जरी बदल केला की मशीन सुरूच होत नाही, प्रोग्रामर कितीही भारी असला तरी. पण एनव्हीरॅम रोजच्या वापरात सतत बदलत असतो म्हणून तो या तपासणीच्या बाहेर राहतो, आणि जिथे मॉड अशक्य असतो तिथेही सेटिंगचा रस्ता बहुतेकदा उघडा सापडतो.

अंडरव्होल्टचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही त्रुटी जाहीर झाली, व्होल्टेज खाली ओढून एसजीएक्सची (इंटेल प्रोसेसरमधल्या गुप्त डेटाच्या सुरक्षित कप्प्याची) सुरक्षा फोडता येते अशी, आणि मग अपडेट आले तसं खूप लॅपटॉपवर थ्रॉटलस्टॉप या विंडोजमधल्या प्रोग्राममधून व्होल्टेज बदलणं बंद झालं. आय७-८७५०एच सारख्या तापणाऱ्या प्रोसेसरवाल्यांना याचा फार त्रास झाला, आणि तो त्रास अगदी रास्त आहे असं मला वाटतं, कारण एसजीएक्स न वापरणाऱ्याचाही थंडपणा गेला. अशा बऱ्याच मशीनवर ओव्हरक्लॉकिंग लॉकचा तो एक बाइट शून्य केला की काम होतं, मॉड लागत नाही.

आणि मल्टिप्लायर (ज्या आकड्यावर प्रोसेसरचा वेग ठरतो तो) वाढवायचा असेल तर दोन्हीपैकी काहीच करण्याआधी प्रोसेसरचं नाव बघा. आय७-६८२०एचके, आय९-८९५०एचके असे एचकेवाले अनलॉक्ड आहेत. ८७५०एचचा मल्टिप्लायर सिलिकॉनमध्येच लॉक आहे, त्याला ४.१ गिगाहर्ट्झच्या वर न्यायला ना मॉड कामाला येतो ना ऑफसेट.

सेटिंगवाला रस्ता सोपा आहे म्हणून गाफील राहू नका. चुकीच्या ऑफसेटला लिहिलं तर स्क्रीन काळी पडू शकते आणि सीमॉसची (मदरबोर्डवरची छोटी) बॅटरी काढूनही उपयोग होत नाही बऱ्याचदा, कारण किंमत बॅटरीवर नाही, फ्लॅश चिपमध्ये आहे, मग शेवटी तोच प्रोग्रामर लागतो. ऑफसेट मॉडेलप्रमाणेच नाही तर बायोसच्या व्हर्जनप्रमाणेही बदलतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलायचा नाही, आणि बायोस अपडेट केला असेल तर स्वतःचा जुना आकडाही नाही, नव्या फाइलमधून परत काढायचा.