एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे इन्शुरन्स नाही हो

कॅमेरा घेताना काउंटरवरचा पोरगा हमखास म्हणतो, "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, मग टेन्शनच नाही." आणि आपण धरून चालतो की आता पडला, भिजला, चोरीला गेला तरी भरून मिळणार. असं नसतं! वॉरंटी, साधी असो की वाढवलेली, ती कंपनीच्या दोषापुरती, म्हणजे आपोआप शटर अडकलं, बोर्ड गेला वगैरे. पडणं, पाणी जाणं यासाठी अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज प्लॅन वेगळा असतो आणि चोरीसाठी तर सरळ इन्शुरन्सच लागतो.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. जुलैत कोकणात शूट करून आलात, बॅग तशीच बंद ठेवली आणि गणपतीत लेन्स उजेडात धरून बघितली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. ती बुरशी, आणि ती बहुतेक वॉरंटीत बसत नाही. तिथे ४०-५० टक्के आर्द्रता राखणारा ड्राय कॅबिनेटच कामाला येतो.

"घराचा विमा आहे की" म्हणणाऱ्यांनी पण पॉलिसी नीट वाचा, कारण लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर कॅमेरा धंद्याचं सामान धरला जातो, आणि बऱ्याच पॉलिस्यांत कुलूप फोडल्याची खूण लागते, हॉलमधे खुर्चीवर ठेवलेली बॅग कोणी उचलली तर क्लेम अडकतो.

मी स्वतः? हौशी असतो तर वाढीव वॉरंटी आणि इन्शुरन्स, दोन्ही घेतलं नसतं. कमाईच कॅमेऱ्यावर असेल तर ऑल रिस्क पॉलिसी (म्हणजे पडणं, चोरी असे बहुतेक धोके धरणारा विमा), सिरियल नंबर टाकून.