सर्व्हिस (कुबरनेटिस)

सर्व्हिस : कुबरनेटिस या कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या गोष्टींची एकत्र बांधलेली पेटी) सांभाळणाऱ्या प्रणालीत, एकच काम करणाऱ्या पॉडांच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या संचांच्या) गटाला टिकाऊ नाव आणि टिकाऊ आयपी पत्ता मिळवून देणारी व्यवस्था. गूगलने २०१४ मध्ये कुबरनेटिसचा कोड खुला केला आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. सर्व्हिस तेव्हापासून त्यात आहे. सर्व्हिस म्हणून कोणताही प्रोग्राम कुठल्याही यंत्रावर चालत नसतो, हे आधीच सांगायला हवे. ती एपीआय सर्व्हरकडची (क्लस्टरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या यंत्रांच्या, नोंदी सांभाळणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरकडची) एक नोंद असते आणि त्या नोंदीवरून प्रत्येक नोडच्या (क्लस्टरमधल्या यंत्राच्या) कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) लिहिलेले नियम असतात. बिघाड शोधताना जो तो ‘सर्व्हिस चालू आहे का’ हे तपासत बसतो, त्यात बराच वेळ वाया जातो.

पॉड आणि त्यांची यादी : पॉड म्हणजे एकत्र चालवायचे एक किंवा अनेक कंटेनर. प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी पत्ता मिळतो, पण तो पॉड जिवंत असेपर्यंतच. नवी आवृत्ती चढवली, नोड बंद पडला किंवा मेमरी अपुरी पडून पॉड हाकलला गेला, की त्याच्या जागी येणारा पॉड वेगळा पत्ता घेऊन येतो. त्यामुळे ऑर्डर घेणाऱ्या प्रोग्रामने पेमेंटच्या पॉडचा पत्ता लिहून ठेवण्यात अर्थ नसतो.

म्हणून सर्व्हिसमध्ये पत्ते लिहीत नाहीत, लेबल लिहितात. ‘ज्यांच्यावर पेमेंट हे लेबल आहे ते सगळे पॉड माझे’, एवढेच ती सांगते. कंट्रोलर हा कुबरनेटिसचा देखरेख करणारा प्रोग्राम असे पॉड हुडकून त्यांच्या पत्त्यांची यादी एन्डपॉइंटस्लाइस नावाच्या नोंदींमध्ये ठेवतो. एका स्लाइसमध्ये सहसा १०० पर्यंत पत्ते बसतात. पूर्वी एका सर्व्हिसची सगळी यादी एकाच नोंदीत असे. हजारभर पॉडांपैकी एक बदलला तरी सबंध यादी प्रत्येक नोडला पुन्हा धाडावी लागे. स्लाइसची पद्धत १.२१ आवृत्तीत पक्की झाली. रेडिनेस तपासणीत (पॉड काम घ्यायला तयार आहे का, या तपासणीत) नापास झालेला पॉड चालू असला तरी त्याच्याकडे वाहतूक जात नाही. सर्व्हिसला उत्तर मिळत नसेल तर सगळ्यात आधी ही यादीच बघावी. बहुतेक वेळा ती रिकामी निघते, आणि कारण असते लेबलमधले एखादे चुकलेले अक्षर. यादी भरलेली असूनही काम होत नसेल, तर सर्व्हिसमध्ये लिहिलेला टार्गेट पोर्ट (पॉडवरच्या ज्या पोर्टकडे वाहतूक पाठवायची तो) आणि प्रोग्राम खरोखर ऐकतो तो पोर्ट एकच आहे का, ते पाहावे.

पॅकेटचा प्रवास : सर्व्हिस तयार होताच तिला राखीव पट्ट्यातला एक आभासी पत्ता, म्हणजे क्लस्टरआयपी, मिळतो. कुबएडीएम या साधनाने उभारलेल्या क्लस्टरमध्ये हा पट्टा मुळात १०.९६.०.०/१२ असतो आणि त्यातला पहिला पत्ता, १०.९६.०.१, खुद्द एपीआय सर्व्हरच्या सर्व्हिसला जातो. नेहमीच्या आयपीटेबल्स (लिनक्स कर्नलमधले पॅकेटांचे नियम) पद्धतीत हा पत्ता कोणत्याच नेटवर्क कार्डावर नसतो. पॉडमधून निघालेले पॅकेट त्याच नोडच्या कर्नलमध्ये अडवले जाते, त्यावरचा मुक्कामाचा पत्ता पुसून एखाद्या खऱ्या पॉडचा पत्ता घातला जातो आणि मग ते पुढे जाते.

पॉडची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. समजा तीन पॉड आहेत. पहिला नियम एक-तृतीयांश शक्यतेने लागू होतो. तो हुकला तर दुसरा निम्म्या शक्यतेने लागतो, आणि तोही हुकला तर उरलेले सगळे तिसऱ्याकडे. हिशोब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक-तृतीयांशच येतो. एकदा पॉड ठरला की कर्नलचे कॉनट्रॅक त्या जोडणीची नोंद ठेवते, पुढची पॅकेटे त्याच पॉडकडे पाठवते आणि येणाऱ्या उत्तरांवरचा पत्ता उलट बदलते.

इथेच एक खोच आहे. वाटणी जोडणीगणिक होते, विनंतीगणिक नाही. जीआरपीसीसारख्या, प्रोग्रामांनी एकमेकांना विनंत्या पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये एक जोडणी तासन्‌तास उघडी राहते आणि तिच्यावरून हजारो विनंत्या जातात. त्या सगळ्या एकाच पॉडवर पडतात. भार वाढला म्हणून पॉडांची संख्या दुप्पट केली तरी नवे पॉड रिकामेच बसून राहतात. उपाय दोन : क्लायंटनेच सगळ्या पॉडांचे पत्ते घेऊन वाटणी करावी, नाहीतर इस्टिओ किंवा लिंकरडीसारखी सर्व्हिस मेश (विनंतीगणिक वाटणी करणारा मधला थर) बसवावी.

हे नियम लिहिण्याचे काम प्रत्येक नोडवरच्या कुब-प्रॉक्सी या प्रोग्रामचे. सुरुवातीला प्रत्येक जोडणी खरोखर त्याच्या हातून जात असे, आणि ते संथ होते. १.२ आवृत्तीपासून आयपीटेबल्स ही मूळ पद्धत झाली, आणि १.२६ मध्ये जुनी पद्धत काढून टाकली. आता कुब-प्रॉक्सी एकाही पॅकेटला हात लावत नाही. तो थोडा वेळ बंद पडला तरी आधीच्या जोडण्या आणि आधीचे पॉड नीट चालतात; त्या नोडला नव्या पॉडांची खबर तेवढी लागत नाही. हजारो सर्व्हिस झाल्या की आयपीटेबल्सचे नियम ओळीने तपासणे आणि बदलणे जड जाते, म्हणून १.११ मध्ये आयपीव्हीएस आणि १.३३ मध्ये एनएफटेबल्स ही कर्नलमधलीच वेगळी पद्धत पक्की झाली. सिलियम हे नेटवर्कचे साधन तर ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) वापरून कुब-प्रॉक्सीविनाच काम भागवते.

क्लस्टरआयपीला पिंग करून पाहण्याची सवय सोडावी. आयपीटेबल्स पद्धतीत नियम ठरावीक पोर्टांपुरते असल्याने सर्व्हिस धडधाकट असूनही पिंगला सहसा उत्तर येत नाही. आयपीव्हीएसमध्ये हाच पत्ता नोडवरच्या एका खोट्या इंटरफेसला लावलेला असतो, त्यामुळे मागे एकही पॉड नसला तरी उत्तर येते.

नाव : क्लस्टरमधली, नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवा प्रत्येक सर्व्हिसला नाव देते. ‘दुकान’ या नेमस्पेसमधली (क्लस्टरमधल्या नावांच्या कप्प्यातली) ‘पेमेंट’ ही सर्व्हिस त्याच नेमस्पेसमधल्या पॉडांना नुसत्या ‘पेमेंट’ नावाने सापडते. बाहेरच्या पॉडांनी नावापुढे नेमस्पेस जोडायचा. हे काम १.१३ पासून मुळात कोअरडीएनएस करते. पॉडमधल्या डीएनएस मांडणीत एनडॉट्सचे मूल्य ५ असते. म्हणजे पाचांहून कमी टिंबे असलेले कोणतेही नाव आधी क्लस्टरमधल्या शेपट्या लावून शोधले जाते. बाहेरच्या एखाद्या साध्या संकेतस्थळाचे नाव विचारले तरी आधी तीन-चार फुकटचे प्रश्न जातात आणि मग खरा. नावाच्या शेवटी टिंब दिले की ही पायपीट वाचते.

प्रकार : क्लस्टरआयपी हा प्रकार फक्त क्लस्टरच्या आतून चालतो. नोडपोर्टमध्ये त्यावर आणखी प्रत्येक नोडचा एक पोर्ट उघडतो, मुळात ३०००० ते ३२७६७ यांमधला. लोडबॅलन्सर प्रकारात क्लाउड कंपनीकडून बाहेरचा पत्ता मागवला जातो; स्वतःच्या यंत्रांवर क्लस्टर असेल तर तेच काम मेटलएलबीसारखे साधन करते, आणि ते नसेल तर सर्व्हिस ‘पेंडिंग’ म्हणत ताटकळते. एक्सटर्नलनेम म्हणजे नुसते डीएनएसमधले टोपणनाव. हेडलेस सर्व्हिसला क्लस्टरआयपीच नसतो; डीएनएस थेट पॉडांचे पत्ते देते, आणि डेटाबेससारख्या जिथे प्रत्येक प्रत वेगळी ओळखावी लागते अशा ठिकाणी तेच हवे असते. वेबच्या मार्गांवरून (यूआरएलवरून) वाटणी हवी असेल तर सर्व्हिसच्या पुढे इन्ग्रेस किंवा नवे गेटवे एपीआय लावतात.

बाहेरून आलेली वाहतूक एका नोडवर उतरून दुसऱ्या नोडवरच्या पॉडकडे गेली, तर पॉडला मूळ ग्राहकाचा पत्ता दिसत नाही, मधल्या नोडचा दिसतो. एक्सटर्नल ट्रॅफिक पॉलिसी ‘लोकल’ केली की खरा पत्ता टिकतो. मात्र मग ज्या नोडवर पॉड नाही तिथे आलेली पॅकेटे टाकून दिली जातात.

पॉड बंद होताना : पॉड काढायचा ठरला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. नोडवरचा कुबलेट (पॉड चालवणारा-थांबवणारा कारभारी) पॉडमधल्या प्रोग्रामला थांबण्याचा सिग्नल देतो, आणि दुसरीकडे पॉडचा पत्ता यादीतून वगळण्याची बातमी सगळ्या नोडांकडे निघते. आधी काय पोहोचेल याची हमी नाही. प्रोग्राम लगेच थांबला आणि काही नोडांवर जुने नियम अजून शिल्लक असले, तर त्या मधल्या क्षणांत आलेल्या जोडण्या नाकारल्या जातात. दर वेळी नवी आवृत्ती चढवताना चार-दोन त्रुटी दिसून आपोआप नाहीशा होतात त्या बहुधा याच. प्री-स्टॉप हुकमध्ये (थांबण्याच्या सिग्नलआधी चालणाऱ्या आज्ञेत) पाच-दहा सेकंद थांबायला सांगणे हा दिसायला ओबडधोबड पण सर्रास वापरला जाणारा उपाय आहे. हा वेळ पॉडला बंद व्हायला मिळणाऱ्या, मुळात ३० सेकंद असलेल्या मुदतीतूनच वजा होतो, हे लक्षात ठेवून आकडा ठरवावा.

इतर प्रणाली : डॉकर स्वॉर्ममध्ये २०१६ च्या १.१२ आवृत्तीपासून सर्व्हिसला असाच आभासी पत्ता मिळतो आणि वाटणी कर्नलमधले आयपीव्हीएस करते. तिथे उघडलेला पोर्ट सगळ्या नोडांवर ऐकतो, मग त्या नोडवर कंटेनर असो वा नसो. नोमॅड या प्रणालीसोबत बहुधा कॉन्सल हे साधन वापरतात. त्यात आभासी पत्त्याऐवजी सेवांच्या नोंदवहीला विचारून खरा पत्ता आणि पोर्ट मिळवायचा असतो.