ऑस्ट्राव्हा केस (रोमा मुलं आणि स्पेशल शाळा)

डी. एच. आणि इतर विरुद्ध चेक रिपब्लिक हा खटला ऑस्ट्राव्हा केस म्हणून ओळखला जातो, आणि युरोपात रोमांच्या हक्कांचा विषय निघाला की हिचं नाव येतंच. १८ रोमा मुलांनी तक्रार केली होती की आम्हाला मतिमंद मुलांच्या 'स्पेशल' शाळेत घातलं ते आम्ही रोमा आहोत म्हणून. स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टाने १३ नोव्हेंबर २००७ ला निकाल त्यांच्या बाजूने दिला.

रोमा म्हणजे आपण ज्यांना जिप्सी म्हणतो ते. पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, भाषाही हिंदी-मराठीच्याच कुळातली. युरोपात अंदाजे १ ते १.२ कोटी लोक आहेत आणि सगळे तांडे घेऊन फिरतात हा समज आपल्याकडेही आहे पण तो चुकीचा, बहुतेक लोक पिढ्यानपिढ्या एकाच गावात राहतात. चेक भागातले जुने रोमा तर नाझींनी जवळजवळ संपवलेच, आज तिथे आहेत ते मुख्यतः युद्धानंतर स्लोव्हाकियातून कामाला आलेल्यांचे वंशज, आणि ऑस्ट्राव्हा हे कोळसा-पोलादाचं शहर, म्हणजे कामगार लागणारच.

आता शाळेत काय व्हायचं? मुलाची मानसशास्त्रीय टेस्ट घ्यायची, रिझल्ट कमी आला की स्पेशल शाळा, तिथला अभ्यासक्रम हलका, त्यामुळे पुढे फार तर एखादा ट्रेड शिकायचा. कागदावर टेस्ट सगळ्यांना सारखीच! पण १९९९ मध्ये शहरातल्या हेडमास्तरांना प्रश्नावली पाठवून आकडे गोळा केले तेव्हा दिसलं की स्पेशल शाळांमधली ५६ टक्के मुलं रोमा, आणि साध्या प्राथमिक शाळांत रोमा फक्त २.२६ टक्के. म्हणजे रोमा मूल स्पेशल शाळेत जायची शक्यता इतरांच्या २७ पट.

सरकारचं म्हणणं, आईबापांनीच सही केलीय ना. ही सही म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या फॉर्मवर घेतलेली, त्यात दुसरा पर्याय कुठला आहे, दोन्ही शाळांत फरक काय पडतो ह्याबद्दल एक ओळ नाही. कोर्टाने विचारलं की अशा सहीला संमती म्हणायचं कसं, आणि वर हेही सांगितलं की भेदभाव न होण्याचा हक्क असा सही करून सोडूनच देता येत नाही. माझ्या मते अख्ख्या निकालात हा भाग सगळ्यात भारी आहे, पण चर्चा जास्त होते ती आकड्यांची.

कारण २००६ मध्ये ह्याच कोर्टाच्या छोट्या बेंचने तक्रार फेटाळली होती. मोठ्या बेंचने १३ विरुद्ध ४ मतांनी ते उलटवलं आणि म्हटलं की कोणाच्या मनात वाईट हेतू होता हे सिद्ध करायची गरज नाही, नियम सगळ्यांना सारखा दिसत असला तरी त्याचा फटका एकाच समाजाला बसत असेल आणि आकडे ते दाखवत असतील, तर असं का झालं ह्याचा खुलासा सरकारने करायचा. ह्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. तेव्हा बुडापेस्टमध्ये असलेल्या युरोपियन रोमा राइट्स सेंटर ह्या संस्थेने ही केस चालवायला मदत केली होती. पुढे क्रोएशिया (२०१०) आणि हंगेरी (२०१३) इथल्या रोमा मुलांच्या केसेसमध्येही हाच धागा पुढे गेला.

प्रत्येक मुलाला ४००० युरो भरपाई मिळाली, तोपर्यंत बहुतेकांची शाळा संपून गेली होती. स्पेशल शाळा तर निकालाआधीच, २००५ पासून लागू झालेल्या कायद्याने बंद झाल्या होत्या, पण त्यातल्या बऱ्याच 'प्रॅक्टिकल शाळा' अशी पाटी लावून चालूच राहिल्या, मुलंही तीच. २०१४ मध्ये युरोपियन युनियनच्या कमिशनने ह्याच भेदभावावरून चेक सरकारविरुद्ध कारवाई सुरू केली, आणि २०१६ पासून साध्या शाळेतच गरजेप्रमाणे मदत मिळायचा हक्क कायद्यात आला.