अँकरिंग परिणाम

नक्की ठाऊक नसलेल्या संख्येचा अंदाज बांधताना आधी कानावर पडलेल्या आकड्याकडे मन ओढले जाते. मानसशास्त्रात याला अँकरिंग म्हणतात. नांगरलेले गलबत लाटांवर हलते, पण दोर पुरेल तेवढेच, कल्पना तीच. (मराठीत नांगर शेतातलाही असतो. ‘नांगर परिणाम’ म्हटले की वाचक थेट बांधावर पोचतो, म्हणून येथे रूढ इंग्रजी शब्दच ठेवला आहे.)

एमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानमन या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात माणसाच्या ठोकताळ्यांवर लेख लिहिला. त्यातला हा एक ठोकताळा. त्यांनी लोकांसमोर ० ते १०० आकड्यांचे चक्र फिरवले. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत, चक्रावरच्या आकड्यापेक्षा जास्त की कमी, असे आधी विचारले आणि मग नेमका अंदाज मागितला. चक्र १० वर थांबलेले पाहणाऱ्यांच्या अंदाजांचा मध्यक २५ आला, ६५ पाहणाऱ्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काही संबंध नाही, हे समोर दिसत होते. अचूक उत्तराला बक्षीस ठेवूनही फरक मिटला नाही.

याच लेखात शाळकरी मुलांना पाच सेकंदांत गुणाकाराचा अंदाज करायला सांगितल्याचीही नोंद आहे. १×२×३… असा ८ पर्यंत चढता मांडला तेव्हा मध्यक ५१२. ८×७×६… असा उतरता मांडला तेव्हा २,२५०. खरे उत्तर ४०,३२०.

ट्वर्स्की-कानमन यांच्या मते माणूस दिलेल्या आकड्यापासून निघतो आणि पुरेसे अंतर कापण्याआधीच थांबतो. फ्रिट्झ स्ट्राक आणि थॉमस मुसवायलर यांचे म्हणणे निराळे: तो आकडा खरा असेल का, हे तपासताना त्याला जुळणारी माहितीच मनात वर येते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात महात्मा गांधी मृत्यूसमयी ९ वर्षांपेक्षा मोठे होते की लहान, असे काहींना विचारले. इतरांना ९ ऐवजी १४०. दोन्ही आकडे उघडच हास्यास्पद. तरी वयाचे सरासरी अंदाज अनुक्रमे सुमारे ५० आणि ६७ आले. गांधीजी तेव्हा ७८ वर्षांचे होते.

जाणकारही सुटत नाहीत. जर्मनीतल्या विधिज्ञांना (२००६) दुकानातल्या चोरीचा खटला वाचायला देऊन फासे टाकायला लावले. फासे भारित होते, बेरीज ३ किंवा ९ च यायची. ९ आलेल्यांनी सरासरी सुमारे ८ महिन्यांची शिक्षा सुचवली, ३ आलेल्यांनी सुमारे ५. घासाघिशीत पहिला भाव कोणी बोलायचा याला इतके महत्त्व का, ते इथे कळते.

नुसते ‘सावध राहा’ सांगून फारसे साधत नाही. दिलेला आकडा चुकीचा का असू शकेल, याची कारणे मुद्दाम शोधायला लावली तर ओढ कमी होते. नाहीशी मात्र होत नाही.