फ्लशची टाकी वाहायची थांबत का नाही?

फ्लशच्या टाकीतून पाणी वाहत राहिलं की आपण बटण दोन-तीनदा दाबून बघतो. आवाज थांबला तर ठीक, नाही तर प्लंबरला फोन. झाकण उचलून आत बघावं, असं फार थोड्यांच्या मनात येतं. ते जरूर उचलावं. आत दोनच झडपा असतात: एक पाणी आत घेणारी आणि एक पाणी खाली कमोडमध्ये सोडणारी. दोष यातल्या कुठल्या झडपेत आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

पाणी आत घेते ती झडप म्हणजे बॉल कॉक. पाण्याबरोबर पोकळ गोळा वर चढतो, त्याचा दांडा तरफेचं काम करतो आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा रबरी वॉशर पाण्याच्या छिद्रावर दाबला जातो. नव्या टाक्यांत लांब दांडा नसतो, उभ्या नळीला लागून सरकणारा प्लास्टिकचा फ्लोट असतो, तत्त्व तेच. पातळी उतरली की झडप उघडते, भरली की मिटते. अलेक्झांड्रियाच्या टेसिबियस या ग्रीक संशोधकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात जलघड्याळातली पातळी स्थिर ठेवायला अशीच तरंगती झडप वापरली. आपोआप नियंत्रण करणाऱ्या यंत्रणांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला वेग-नियंत्रक बसवला तो थेट १७८८ मध्ये. इतकी जुनी, इतकी साधी आणि इतकी भरवशाची यंत्रणा आपल्या संडासात बसलेली आहे, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

पण याच भरवशामुळे गळती लपून राहते. फ्लोटला कळते फक्त पातळी. पाणी कुणी वापरलं की खालच्या झडपेतून झिरपून गेलं, हे त्याला कळायचा मार्ग नाही. जितकं गेलं तितकं तो भरून देतो. टाकी कायम भरलेली दिसते, फ्लश व्यवस्थित होतो, आणि पाणी रात्रंदिवस जात राहतं.

किती जातं, याचा हिशेब करता येतो. टाकीत पाण्याची उंची २० सेंटिमीटर धरू. इटलीच्या टॉरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार तळाच्या छिद्रातून पाणी सेकंदाला जवळजवळ २ मीटर वेगाने बाहेर पडतं. खालच्या वॉशरखाली एक चौरस मिलिमीटरची फट असली, तर धार आकुंचन पावते हे लक्षात घेऊनही सेकंदाला सव्वा मिलिलिटरच्या आसपास पाणी जातं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे रोज शंभर लिटरहून अधिक. आपल्याकडे मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाण्याचा निकष धरतात. वर्षाचा हिशेब केला तर दहा हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर एका फटीतून गेले. आणि सोसायटीचं मीटर सामाईक असेल तर हे कुठल्याच घराच्या बिलात वेगळं दिसत नाही.

आता तपासणी. टाकीत एक उभी, वरून उघडी नळी दिसेल, ती ओव्हरफ्लोची. पाणी तिच्या काठापर्यंत चढून आत पडत असेल, तर बॉल कॉक मिटत नाहीये. पातळी काठाच्या खाली आहे आणि तरीही कुणी फ्लश न करता टाकी मधूनमधून स्वतःच भरते, तर खालची झडप गळते आहे. शंका राहिली तर टाकीत खाण्याच्या रंगाचे किंवा कपड्यांच्या निळीचे काही थेंब टाकावेत आणि अर्धा तास फ्लश करू नये. कमोडच्या पाण्यात रंग उतरला, की निदान पक्कं. आणखी एक उपाय मला जास्त आवडतो: अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करून पातळीवर पेन्सिलीने खूण करायची आणि तासाभराने बघायचं. पाणी तळापर्यंत उतरत गेलं तर दोष खालच्या वॉशरचा. ते मध्येच एखाद्या पातळीला थांबलं, तर ओव्हरफ्लोच्या नळीला त्या उंचीवर चीर गेलेली असण्याची शक्यता मोठी.

बॉल कॉक मिटत नसेल तर आधी फ्लोट खाली घ्यावा. नव्या प्रकारात त्यासाठी स्क्रू किंवा क्लिप असते, जुन्या पितळी दांड्याला हलकेच खाली वाकवावं लागतं. पाणी ओव्हरफ्लोच्या काठाच्या दोनेक सेंटिमीटर खाली थांबायला हवं. तरीही थांबत नसेल तर वॉशरच्या तोंडाशी कचरा किंवा क्षार आहे. नळाचं पाणी ठरावीक वेळीच येतं तिथे रिकाम्या झालेल्या पाइपांतला गंज आणि वाळू पहिल्या धारेबरोबर येते, आणि एक कणसुद्धा वॉशर पूर्ण टेकू देत नाही.

इथे मजल्याचाही संबंध येतो. गच्चीवरच्या टाकीपासून तुमचं घर ३० मीटर खाली असेल, तर ५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातलं पाणी वॉशरला सुमारे ६०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने ढकलतं. गच्चीपासून तीनच मीटर खाली असाल तर हा जोर ६० ग्रॅम. म्हणून त्याच बनावटीचा बॉल कॉक वरच्या मजल्यावर नीट मिटतो आणि तळमजल्यावर गळतो. अशा वेळी अँगल कॉक थोडा आवळून ठेवला तर टाकी सावकाश भरते आणि आवाज कमी होतो, पण प्रवाह थांबल्यावर छिद्रावरचा दाब पुन्हा पूर्वीइतकाच होतो. वॉशर घट्ट नसेल तर तो बदलण्याला पर्याय नाही.

खालच्या झडपेचं विज्ञान मला अधिक देखणं वाटतं. पाच सेंटिमीटर व्यासाच्या छिद्रावर २० सेंटिमीटर पाणी उभं असलं की झडपेवर जवळजवळ ४०० ग्रॅमचा भार येतो. झडप मिटून ठेवायला स्प्रिंग लागत नाही, ते काम पाणीच करतं. पण दाब कितीही असला तरी वॉशर आणि तो जिच्यावर टेकतो ती बैठक दोन्ही गुळगुळीत हवीत. बोअरच्या जड पाण्यातला चुना तिथे बसतो, शेवाळासारखा बुळबुळीत थर चढतो, रबर कडक होऊन वाकडं होतं.

ब्रिटनने हा प्रश्न एकदा सोडवला होता. तिथे टाकीच्या तळाला झडप ठेवायला परवानगीच नव्हती, सायफन लागे. त्यात पाणी आधी पातळीच्या वर उचललं जातं आणि मग वाकड्या नळीतून खाली ओढलं जातं. पाण्याखाली उघडणारी झडप नाही, म्हणून झिरपायला वाट नाही. आपल्याकडच्या जुन्या इमारतींमधल्या साखळी ओढायच्या लोखंडी टाक्याही याच जातीच्या. साखळी कधीकधी दोनदा ओढावी लागे, पण वॉशर झिजला म्हणून त्या खालून गळत नसत. १ जानेवारी २००१ पासून ब्रिटनने झडपेच्या टाक्यांना मोकळीक दिली. पुढे २०२० मध्ये तिथल्या गळक्या संडासांतून रोज सुमारे ४० कोटी लिटर पाणी वाया जात असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. पाणी वाचवायला आणलेल्या दोन बटणांच्या टाक्यांचा त्यात मोठा वाटा होता. तीन आणि सहा लिटरचा फ्लश उत्तमच आहे, पण वॉशरची देखभाल झाली तरच.

ती देखभाल अवघड नाही. अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा. बटणाभोवतीची कडी फिरवून सोडवली की चिनी मातीचं झाकण निघतं. ते जड असतं, दोन्ही हातांनी धरून जमिनीवर आडवं ठेवा. मधला उभा भाग, ज्याला प्लंबर सायफनच म्हणतात, बहुतेक टाक्यांत पाव वळसा देऊन वर उचलता येतो. त्याच्या तळाला रबराची किंवा सिलिकॉनची चकती असते. ती काढून धुवा, बैठकीवरून ओलं फडकं फिरवा. क्षार असेल तर लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात भाग तासभर भिजवा. चुना विरघळताना कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे दिसतात. संडास धुवायचं अ‍ॅसिड टाकीत ओतू नका, ते आतल्या धातूचे भाग खातं, आणि ब्लीचशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्यासुद्धा रबराचं आयुष्य कमी करतात. सगळं स्वच्छ करूनही गळत असेल तर बटणाच्या दांड्या बघा. त्या गरजेपेक्षा लांब असल्या तर झाकण बसवल्यावर झडप किंचित उचललेली राहते.

चकती बदलायची ठरली तर जुनी सोबत घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, आणि एका मिलिमीटरचा फरकही गळतीला पुरतो.